माशांसाठी शेव

बाबा ज्या शेडमध्ये माग चालवायचे ती शेड मालकाने विकून टाकली, तेव्हा आम्ही महाराष्ट्राच्या हद्दीपलीकडे, तापीकाठच्या आमच्या गावात, लालबाग वस्तीत एका खोलीत राहत होतो. मागाच्या खडखडाटाने बाबांना आधीच कमी ऐकू यायचं, त्यामुळे दुसऱ्या शेडमध्ये कोणी घेईना. मग ते जवळच्या दापोरा गावाकडे केळीच्या गाड्या भरायला जाऊ लागले. आई साड्यांना फॉल लावायची. पाहुणा आला की ती वरणात तांब्याभर पाणी घालायची, आणि पाहुणा नसला तरी घालायची. खोलीत आई, बाबा, मी, माझा भाऊ आणि बाबांची मोठी बहीण, कमलआत्या. आत्याचं सगळं सामान एका पत्र्याच्या पेटीत मावायचं, आणि ती पेटी कुठे ठेवायची यावरून तिचं आणि आईचं रोज वाजायचं.

आत्याचं सासर डोईफोडियाचं. मूलबाळ नव्हतं. नवरा वारल्यावर दिराने गोड बोलून तिला गाडीत बसवून दिलं. "वहिनी, माहेरी थोडे दिवस राहून या," म्हणाला. ते थोडे दिवस कधी संपलेच नाहीत. आत्या हे सगळं हसत सांगायची, पण सांगून झालं की एक वाक्य हमखास यायचं. "बापाचं घर झालं, नवऱ्याचं घर झालं, आता भावाचं घर. मले एकदा माझं घर पायचं आहे बाप्पा. माझ्या नावाचं. भलेही कोंबडीच्या खुराड्याएवढं असो."

घरातलं कोणी हे मनावर घेत नसे. बाबांना तर ऐकूच जात नसे.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. बी.एस्सी., विषय प्राणिशास्त्र. हे सांगायला मला लाज वाटत नाही, आणि आत्याला तर मुळीच वाटत नसे. मी कॉलेजात होते तेव्हापासूनच बाजारात भाजीवाल्यापुढे मला उभं करून ती म्हणायची, "भाव नीट लाव भाऊ, ही ग्रॅज्युएट आहे." ग्रॅज्युएटला वांगी स्वस्त का द्यावीत, हे त्या बिचाऱ्याला कळायचं नाही. पण आत्याचा आवाज असा होता की तो दोन वांगी वर टाकून मोकळा व्हायचा.

उंच, काटक, पदर कमरेला खोचलेला, आणि चालणं असं की समोरचा आपोआप बाजूला सरावा. माणसं ती नावावरून ओळखत नसे, ताटावरून ओळखायची. शेजारचे गुरुजी म्हणजे "कढीपत्ता बाजूला काढणारे". माझी एक मैत्रीण म्हणजे "भाकरीचा काठ ठेवणारी". माझ्या भावाच्या लग्नाची बोलणी चालू असताना मुलीकडची मंडळी जेवून गेली. बाबांनी विचारलं, "कशी वाटली माणसं?" आत्या म्हणाली, "ताटं साफ आहेत. हो म्हण." आणि लग्न ठरलं. वहिनी घरात आल्यावर कळलं की त्या दिवशी ती मंडळी सकाळपासून उपाशी होती.

आत्याच्या हातच्या जेवणाचं पान कोणी टाकलं असं झालं नव्हतं. निदान ती तसं सांगायची. डोईफोडियात तिच्या हातच्या मच्छीचं नाव होतं म्हणे. पण नवऱ्यामागे तिने गळ्यात माळ घातली, आणि मासमच्छी सुटली.

अशा बाईच्या नशिबी पुढे रोज झिंगे साफ करणं यावं, ही गंमतच.

त्याचं झालं असं. आत्या लालबागेतच एका दातांच्या डॉक्टरांकडे स्वयंपाकाला लागली होती. खाली दवाखाना, वर घर. दवाखान्याच्या हॉलमध्ये डॉक्टरांनी भिंतभर लांबीची काचेची टाकी ठेवली होती, आणि त्या टाकीत समुद्राचं पाणी. म्हणजे पाणी इथलंच, शुद्ध करून त्यात पाकिटातलं समुद्री मीठ कालवलेलं. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे मासे, निळा ताटलीसारखा एक, आणि सोंडेसारखं लांब तोंड असलेला एक पिवळ्या पट्ट्यांचा. आमच्या गावापासून समुद्र कुठल्या कुठे, त्यामुळे दात दुखत नसलेले लोकही ती टाकी बघायला येऊन बसायचे.

त्या माशांचं गोठवलेलं खाद्य मुंबईहून थर्माकोलच्या डब्यात यायचं. आमच्याकडच्या उन्हाळ्यात तो डबा स्टेशनवर उतरेपर्यंत आत रस्सा झालेला असायचा. एका मे महिन्यात त्या रश्शाने दोन मासे मेले. तेव्हा डॉक्टर स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, "आत्याबाई, हे खाद्य घरीच करायचं म्हणतो. तुम्ही कराल का?"

"काय काय लागतं?"

"झिंगे, समुद्रातला मासा, माकूळ, लसूण, समुद्राचं शेवाळ. सगळं कच्चंच वाटून गोठवायचं."

"झिंगे तापीतले आणू?"

"तापीतले नको. समुद्रातलेच हवेत."

आत्याला राग आला. "काहून? तापीचं काय वाईट आहे?"

डॉक्टरांनी समजावलं की समुद्रातल्या माशांना समुद्रातलंच लागतं, गोड्या पाण्यातलं सोसत नाही. आत्या थोडी शांत झाली. "म्हणजे माहेरचं लागतं त्यायले," ती म्हणाली. "मग ठीक आहे."

माळ असताना तिने हे काम घेतलं, कारण खायचं नव्हतं, करायचं होतं. नियम मात्र तिने स्वतःचे घातले. मागच्या व्हरांड्यात वेगळा ओटा, वेगळी सुरी, वेगळा मिक्सर, आणि काम झालं की अंघोळ. त्याशिवाय ती वरच्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नसे. भुसावळहून बर्फातून माल यायचा. माकूळ, म्हणजे स्क्विड, तिने पहिल्यांदाच पाहिलं. दोन बोटांत धरून वर उचललं आणि मला विचारलं, "ग्रॅज्युएट, याचं तोंड कोणीकडं?" मी दाखवलं. ती म्हणाली, "मले वाटलं तू अंदाजानं सांगशील."

मिश्रण घट्ट धरून राहावं म्हणून त्यात जिलेटिन घालायचं होतं. आत्याने पुडी हातात घेऊन विचारलं, "हे कशाचं?"

"जनावरांच्या हाडांचं," डॉक्टर म्हणाले.

"मग माझ्या मिक्सरमध्ये नाही जाणार."

"आत्याबाई, त्या मिक्सरमध्ये आत्ता झिंगे आहेत."

"झिंगा माशाचं अन्न आहे. गाय माशाचं अन्न आहे का? तुम्हीच सांगा, शिकलेले आहात."

डॉक्टर स्टुलावर बसून पोट धरून हसले, आणि कंपाउंडरला किराणा दुकानात चायना ग्रास आणायला पाठवलं, फालुद्यात घालतात ते. ते उकळून, कोमट करून वाटणात घातलं, ताटात ओतलं आणि गोठवलं. वड्या अशा सुरेख पडल्या की डॉक्टरांच्या बायकोने, बाईसाहेबांनी, फ्रीजरवर चिठ्ठी लावली, "खाऊ नये."

पण पहिल्याच खेपेला घोटाळा झाला. आमच्याकडे मच्छी घरात आली की बाई आधी तिला हळद-मीठ चोळते. उग्र वास जातो. हे कोणी कोणाला शिकवत नाही, हात आपोआप डब्याकडे जातो. आत्याचाही गेला. झिंगे हळदीत मुरवले, एकदा धुतले, वाटले, गोठवले. डॉक्टरांना सांगायचं तिच्या मनातही आलं नाही. कणकेत पाणी घातलं हे कोणी सांगतं का?

सकाळी डॉक्टरांनी वडी टाकीत सोडली आणि पेशंटकडे वळले. थोड्या वेळाने टाकीत पिवळा ढग उठला. पाण्यातली घाण फेसावाटे बाहेर काढणारं एक यंत्र असतं, त्याच्या भांड्यात बेसन फेटल्यासारखा फेस चढू लागला. तळाची पांढरी वाळू पिवळी. माशांचे पांढरे पट्टे पिवळे. दाढ काढायला आलेले दापोऱ्याचे एक म्हातारेबुवा खुर्चीवरून मान वाकडी करून बघत होते. तोंडातला कापूस सांभाळत ते म्हणाले, "डॉक्टर, आज यायची हळद आहे का? लगीन कधी?"

हॉलमधले सगळे हसले. डॉक्टर हसले नाहीत. पेशंट उद्यावर टाकून त्यांनी बाह्या वर केल्या. दुपारभर टाकीतलं पाणी बदललं. बादल्या आत्यानेच वाहिल्या, कंपाउंडरला हात लावू दिला नाही. बाईसाहेब जिन्यावरून म्हणाल्या, "कमलबाई, उद्यापासून तुम्ही फक्त स्वयंपाकाचंच बघा."

आत्याने कोणाची माफी मागितली नाही. "हळदीनं कोणी मेलेलं मी तरी पायलं नाही," एवढंच म्हणाली. पण सगळे वर गेल्यावर मी तिला न्यायला आले, तर ती टाकीसमोर उभी होती, ओल्या पदराने काच पुसत. आणि त्या निळ्या ताटलीसारख्या माशाला हळू आवाजात म्हणत होती, "चुकलं बरं का माझं. पुन्हा नाही होणार."

मासे सगळे जगले. फक्त स्वयंपाकाचं बघायचं, हे आत्याने ऐकल्यासारखं केलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा व्हरांड्यात जाऊन बसली. बाईसाहेबांनीही ते चालवून घेतलं. त्या दिवशी भरली वांगी होती.

पुढे खाद्य जमत गेलं. वडी खायला टाकण्याआधी वाटीत सैल करायची, चहाच्या गाळणीत धुवायची म्हणजे रस पाण्यात उतरत नाही, हे सगळं तिच्या अंगवळणी पडलं. चव घेता येत नव्हती हा तिला मोठा सल होता. ती वाटण बोटांत चोळायची, वास घ्यायची, आणि मग टाकीशी जाऊन माशांची तोंडं बघत बसायची. चातुर्मास लागला तसा तिने लसूण बंद केला.

"आत्याबाई, मासे चातुर्मास पाळत नाहीत," डॉक्टर म्हणाले.

"माझ्या हातचं खातात ना? मग पाळतील."

एकादशीला तर तिने त्यांना काहीच दिलं नाही. डॉक्टरांनी पुस्तक काढलं, बघितलं, आणि मधूनमधून उपास घातलेला चालतो असं त्यात निघालं. त्यानंतर आत्या आल्यागेल्याला सांगत सुटली की इंग्रजी पुस्तकातही एकादशी आहे.

एकच मासा तिला दाद देत नव्हता. तो लांब तोंडाचा, पिवळ्या पट्ट्यांचा. वडीचा तुकडा तोंडात घ्यायचा आणि थुंकायचा. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा आत्या मला शोधत थेट कॉलेजच्या फाटकापर्यंत आली होती. "थुंकला! माझ्या हातचं थुंकला तो!" मुली बघत होत्या. कोण थुंकलं हे त्यांना मी पुढे वर्षभर समजावत होते.

तो मासा वाळत चालला होता. आणि आत्याच्या डोक्यात तेव्हा दुसरं गणित सुरू झालेलं होतं. इंदूर, खंडवा, जळगावकडे अशा टाक्या ठेवणारी मंडळी होती, डॉक्टरांची त्यांच्याशी फोनवर बोलणी चालायची. सगळ्यांचीच अडचण उन्हाळ्याची. डॉक्टर म्हणाले होते, "आत्याबाई, हा लांब तोंडाचा फार नखरेल. हा जर तुमचं खाऊन जगला ना, तर मी सगळ्यांना सांगतो की खाद्य आमच्या आत्याबाईंकडून घ्या. पण हा गेला, तर कोणत्या तोंडाने सांगू?" म्हणजे स्वतःचा धंदा, आणि त्यातून स्वतःचं घर, हे सगळं त्या दीड वितीच्याही नसलेल्या माशाच्या तोंडाशी येऊन थांबलं होतं. आत्याला ते पक्कं माहीत होतं. ती जेवेनाशी झाली.

शेवटी तिने डॉक्टरांना गाठलं. "तुमच्या पुस्तकात पाहा, हा त्याच्या घरी काय खातो?"

"दगडांच्या फटीतले किडे. बारीक, लांब, अळीसारखे."

"लांब?"

"हो, लांब."

"मग हे आधी सांगायचं ना डॉक्टरसाहेब! मी त्याले चौकोनी वाढून राहिली, तो लांब मागून राहिला!"

ती तडक घरी आली. आईचा सोऱ्या मागितला. आईने विचारलं, "कशाला?" "शेव पाडायला." आईने आनंदाने दिला, कारण आमच्या घरात बऱ्याच दिवसांत शेवभाजी झालेली नव्हती. तो सोऱ्या परत आमच्या स्वयंपाकघरात आला नाही. आई त्याबद्दल पुढे कित्येक वर्षं बोलत होती.

व्हरांड्यात आत्याने गार झालेलं वाटण सोऱ्यात भरलं, सगळ्यात बारीक चकती लावली, आणि स्टीलच्या ताटात शेव पाडली. लांब, मऊ, फिकट गुलाबी. ती ताटासकट गोठवली. दुसऱ्या दिवशी त्यातली चिमूटभर सैल करून टाकीतल्या दगडाच्या फटीत चिमट्याने अडकवली, आणि आत्या, डॉक्टर आणि मी काचेसमोर बसलो. एक पेशंट तोंड उघडं ठेवून खुर्चीत तसाच.

मासा आला. फटीशी थांबला. एक डोळा लावून बघितलं. मग त्या सोंडेसारख्या तोंडाने एक शेव ओढली. आत्याने माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी पिचली. शेव अर्धी आत, अर्धी बाहेर. आणि मग आत. थुंकला नाही. दुसरी ओढली.

आत्या उठली, पेशंटकडे वळून म्हणाली, "पाहिलं? आता मिटा तोंड," आणि आतल्या खोलीत जाऊन रडली. बाहेर आली ती भाकऱ्या थापायला वर निघून गेली, जणू काही झालंच नाही.

डॉक्टरांनी शब्द पाळला. बघता बघता आत्याची शेव खंडवा, जळगाव, इंदूरला जाऊ लागली. बर्फाच्या कारखान्यातून बर्फ आणायचा, थर्माकोलच्या डब्यात शेव बांधायची, आणि पहाटेच्या बसच्या ड्रायव्हरला तंबी द्यायची. "भैया, डबा इंजिन के पास मत रखना, मासे उपाशी मरतील." अर्धं हिंदी, अर्धं मराठी, पण धमकी पूर्ण. एकदा जळगावहून एक गृहस्थ गाडी घेऊन आले, कृती विचारायला. आत्याने त्यांना चहा पाजला, पोहे खाऊ घातले, ताट साफ आहे हे पाहिलं, सगळी कृती सांगितली. ते गेल्यावर मी म्हटलं, "आत्या, सगळंच सांगून टाकलंस?" ती म्हणाली, "करू दे ना त्याले. शेव पाडायले मनगट लागते. त्याचं पाहिलं का कसं आहे?"

पण व्हरांडा डॉक्टरांचा होता, आणि बाईसाहेबांना वासाचा कंटाळा आला होता. आमच्या खोलीची मालकीण तर झिंग्याचं नाव काढू देत नव्हती. आता घर नाही तर धंदा नाही, इथवर गोष्ट आली. लालबागेतच मागच्या गल्लीत दोन खोल्या विकाऊ होत्या. मालक कागद कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका, महाराष्ट्रातून नोकरीसाठी आलेले आणि इथलेच झालेले. आता मुलाकडे पुण्याला चालले होते. शुद्ध शाकाहारी. त्यांची एकच अट होती, घर घेईल त्याने तिथे मासमच्छी आणायची नाही.

आईने सल्ला दिला, "काही सांगू नका. घर आधी होऊ द्या." आत्याला ते पटलं नाही. "माझं पहिलं घर खोट्यानं घेऊ?" म्हणाली, आणि काकांना जाऊन सरळ सांगितलं. काका सरळ नाही म्हणाले.

त्या आठवड्यात आत्याचा आवाज पहिल्यांदा खाली गेलेला मी ऐकला. भाजीवाल्याने वांगी महाग दिली, तिने तेवढेच पैसे मोजले.

मग काका स्वतःच दवाखान्यात आले. नुकतीच बसवलेली कवळी घट्ट करून घ्यायची होती. हॉलमध्ये बसले, तेव्हा आत्या टाकीला खायला घालत होती. काका बघत राहिले. फटीतून शेव ओढणारा तो लांब तोंडाचा बघून उठून जवळ आले.

"रोज घालता?"

"रोज. एकादशी सोडून."

काका काचेजवळ आणखी वाकले. गावात सगळ्यांना माहीत होतं की ते रोज सकाळी राजघाटावर जाऊन तापीतल्या माशांना कणकेच्या गोळ्या टाकतात. बायको गेल्यापासूनचा नेम होता.

"पण बाई, हे झिंग्यांचं आहे. जीव आहे त्यात."

"आहे काका. मी खोटं नाही बोलणार. पण तुमची कणीक खाऊन तापीतला मासा उरलेल्या दिवसात काय खातो, ते तुम्ही त्याले कधी विचारलं?"

काका आधी रागावले, मग विचारात पडले, आणि मग त्यांना हसू आलं. कवळी नवीन होती, ती जरा सुटली. डॉक्टरांनी आतून हाक मारली, "काका, हसू नका अजून!"

जाताना काका आत्याला म्हणाले, "मी गेल्यावर घाटावरच्या माशांना कोण घालणार?"

"मी घालीन," आत्या म्हणाली. "कणीकच घालीन. त्यायले तीच सवय आहे."

काकांनी अट सोडली. रजिस्ट्रीच्या दिवशी तिने सही केली. सही शिकवायला मी बसले होते. दोनदा गिरवून झाल्यावर "तू बाजूला हो" म्हणाली, आणि क अक्षर इतकं मोठं काढलं की बाकीच्या नावाला जागा पुरेना.

त्या घरात आत्या शेवटपर्यंत राहिली. मी नोकरीला खंडव्याला आले, सुटीत जायचे. शेवटची भेट झाली तेव्हा दुपारची वेळ होती. शेव आता रेल्वेनेही जायची, आणि डबे स्टेशनवर पोचवायला रिक्षा दाराशी उभी होती. मागच्या सीटवर थर्माकोलचे डबे रचलेले, जागाच नाही. रिक्षावाला म्हणाला, "माँजी, आप कहाँ बैठोगी?" आत्या एक डबा मांडीवर घेऊन त्या सगळ्यांच्या मध्ये घुसून बसली, पदर खोचला आणि म्हणाली, "तू चालव ना. पिघलून राहिलं सगळं." रिक्षा वळली. डब्यांच्या वर फक्त तिचं पांढरं डोकं दिसत होतं, आणि तिचं बोलणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होतं. पुढच्या महिन्यात ती झोपेतच गेली.

लालबागेतलं ते दोन खोल्यांचं घर कमलआत्याने स्वतःच्या कमाईने, खरं बोलून घेतलं. आमच्या घराण्यात बाईच्या नावावर झालेलं ते पहिलं घर.